‘जनता’चे अंक, एक पत्र्याची पेटी आणि कुलाबा जिल्हा

मंडळी, ह्या वेळचा वीकांती लेख जरा लांबलाय. चहा घेऊन बसा.

गेले चार महिने दर दुसऱ्या शनिवारी मी पहाटे पुण्याहून निघतो, ताम्हिणी उतरून माणगावला येतो आणि गाडी महाडच्या दिशेने वळवतो. हापिसातल्या लोकांना वाटतं हा प्राणी रायगड किल्ल्याच्या वाऱ्या करतोय. वाटू दे. खरं म्हणजे मी सावित्रीच्या खाडीकाठच्या एका गावात जातो आणि दोन दिवस तिथे बसून जुन्या वर्तमानपत्रांचे फोटो काढतो.

वर्तमानपत्र म्हणजे ‘जनता’. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीचं मुखपत्र. अंक माझ्या टीममधल्या एका मित्राच्या आजोबांकडे आहेत. आजोबांचे वडील मुंबईत परळच्या एका गिरणीत होते. ते अंक विकत घेत, वाचून झाले की घडी करून ठेवत आणि गणपतीला-शिमग्याला गावी येताना घेऊन येत. अशी एक पत्र्याची पेटी भरली, मग दुसरी. पहिली पेटी आज माळ्यावर आहे. दुसरीचं पुढे सांगतो.

आता थोडी पार्श्वभूमी, कारण शाळेच्या पुस्तकात चवदार तळ्याचा एक परिच्छेद असतो आणि त्यात छपाईबद्दल अवाक्षर नसतं.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. त्याआधी १९२३ साली सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला होता: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, धर्मशाळा सगळ्यांना खुल्या. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली आपलं तळं खुलं असल्याचा ठराव केला. पण ठराव कागदावर. २० मार्चला बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. नंतर देवळात शिरणार अशी अफवा उठली, परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले आणि पुढे तळ्याचं ‘शुद्धीकरण’ही झालं. हे साधारण आपल्याला माहीत असतं.

माहीत नसतं ते असं की ह्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, ३ एप्रिल १९२७ ला, ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक बाहेर पडला. महाडला काय घडलं ते आपल्या शब्दांत सांगायला स्वतःचा कागद हवा, हे बाबासाहेब आधीच शिकले होते. १९२० साली ‘मूकनायक’ निघालं तेव्हा शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. पण त्या पत्राची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही, हे त्यांनी पुढे लिहून ठेवलंय. म्हणजे बातमी तर सोडाच, पैसे मोजून जाहिरातीची चौकटही मिळेना!

मग ‘बहिष्कृत भारत’. पत्र चालवायला पैसा नाही, माणसं नाहीत. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने एकट्याने भरून काढायचे. दिवसा कोर्ट, कॉलेज, परिषदा, आणि रात्री हे. (आपण डेडलाईनच्या नावाने किती रडतो, असो.) १९२९ च्या नोव्हेंबरात ते पत्र बंद पडलं. मधे १९२८ साली ‘समता’ निघालं होतं. मग २४ नोव्हेंबर १९३० ला ‘जनता’ सुरू झालं, ते पंचवीस वर्षं चाललं. ४ फेब्रुवारी १९५६ पासून त्याचं नाव ‘प्रबुद्ध भारत’ झालं. आधी पाक्षिक, नंतर साप्ताहिक. ढोबळ गणित केलं तरी अंकांची संख्या हजाराच्या वर जाते.

हा सगळा कागद कुठे गेला?

सरळ उत्तर नाही. काही वाचनालयांत, काही विद्यापीठांत. बाबासाहेबांचं बारा खंडांचं चरित्र लिहिणाऱ्या चांगदेव खैरमोड्यांचा कागदपत्रांचा संग्रह मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेला. वसंत मून ह्यांनी सरकारी समितीतर्फे बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड काढायला घेतले, पहिला १९७९ साली आला. ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘मूकनायक’चे अंक त्यांनी १९९० साली पुस्तकरूपाने आणले. कल्याणचे विजय सुरवाडे वर्षानुवर्षं पत्रं, फोटो, कात्रणं गोळा करत आले. ह्या यादीत एक गोष्ट ठळक आहे. संस्थांनी जेवढं जपलं तेवढंच, किंबहुना जास्तच, सुट्या माणसांनी घरात जपलं. ट्रंकेत, माळ्यावर, कडुलिंबाचा पाला आणि डांबराच्या गोळ्या घालून.

संस्थांच्या बाजूचं चित्र फार अभिमानाचं नाही. सरकारी खंडांची छपाई रखडल्याच्या बातमीची २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. जून २०१६ मधे दादरचं आंबेडकर भवन एका रात्रीत पाडलं गेलं, त्याच आवारात बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस होती. वाद कोणाचं बरोबर हा आहेच, पण छापखाना गेला तो गेला.

तर पेटीकडे येतो.

पहिल्या शनिवारी आम्ही पेटी खाली काढली तेव्हा मी मनात हिशोब करून आलो होतो. ताशी शंभर पानं, दोन दिवसांत सोळाशे, तीन फेऱ्यांत काम खतम. पेटी उघडल्यावर हिशोब गुंडाळला. कागद म्हणजे वर्तमानपत्री कागद, लाकडाच्या लगद्याचा, स्वस्तातला. हवेतलं ऊन-दमट खाऊन तो पिवळा होतो, मग तपकिरी, आणि त्याच्यातलंच आम्ल त्याला आतून खात राहतं. घडीवर बोट लावलं की घडी सुटून दोन तुकडे होतात. त्यात कोकणचा चार महिन्यांचा पाऊस. कसर लागलेली, एका गठ्ठ्यात वाळवीने बोगदाच केलेला. आरशासारख्या चकचकीत सरकारी पीडीएफ बघायची सवय असलेल्या माणसाला हा मोठा धक्का असतो.

स्कॅनरचा नाद सोडला. अंक उलटा करून काचेवर दाबायचा म्हणजे त्याचा जीवच घ्यायचा. खाली काळं कापड, वर स्टँडला कॅमेरा, दोन बाजूंना दोन दिवे, आणि पान सपाट राहायला हलकी काच. एक पान एक मिनिट. मित्र पान उलटतो, मी क्लिक करतो, आणि आजोबा आरामखुर्चीत बसून प्रत्येक अंकाची तारीख मोठ्याने सांगतात. त्यांना तारखेशिवाय पान पुढे गेलेलं चालत नाही. मला मिळालेला हा आजवरचा सर्वोत्तम क्यूए.

आजोबांचं वय सत्त्याऐंशी. पहिल्या दिवशी मी आत शिरताना ‘जयभीम’ म्हटलं तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघितलं, ‘जयभीम’ म्हणाले आणि लगेच विचारलं, “हात धुतलेस का? तेल-बिल नको बोटाला.” वडापाव खाऊन आलो होतो, निमूट मोरीवर गेलो.

आता दुसऱ्या पेटीचं. २२ जुलै २०२१. महाड-पोलादपूर भागात पाऊस असा कोसळला की सावित्री आणि गांधारी दोन्ही महाडात शिरल्या, त्याच दिवशी तळियेला दरड आली. ह्या भागाला हे नवीन नाही, २००५ च्या जुलैत दासगाव आणि जुईला दरडींनी घरंच्या घरं नेली होती. २०२१ च्या त्या रात्री घरात कमरेएवढं पाणी आलं. आजोबा त्र्याऐंशीचे. ते एक पेटी घेऊन माळ्यावर चढले. दुसरी उचलायला माणूस नव्हता. तिच्यात चाळीसच्या दशकातले अंक होते आणि १९५६ चे ‘प्रबुद्ध भारत’. पाणी उतरल्यावर पेटी उघडली तर आत लगदा.

तो लगदा त्यांनी टाकला नाही. वाळून त्याची वीट झाली आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली आहे. एका कडेला मथळ्याचं ‘भारत’ एवढंच वाचता येतं. मी तिचाही फोटो काढला. फाईलला नाव काय द्यायचं ह्यावर आमची दोघांची दहा मिनिटं चर्चा झाली, कारण तारीख नाही, अंक नाही, पान नाही. शेवटी नाव दिलं ‘पूर-२०२१’.

त्या दिवशी जेवताना मित्राने विषय काढला. “आजोबा, हे मूळ अंक मुंबईला एखाद्या मोठ्या ग्रंथालयात देऊया. तिथे एसी खोली असते, आम्लाचा उपचार करतात कागदावर.”

“देऊया म्हणजे? तू देणार?”

“आपण सगळ्यांनी मिळून ठरवायचं ना.”

“हे बघ, एसी असतो ते मला कळतं. पण तुझ्या पोरीला उद्या बघायचं झालं तर तिने अर्ज करायचा, ओळखपत्र दाखवायचं, मग कोण तरी सांगणार आज नाही, परवा या. इथं पेटी उघडली की झालं.” मग भात कालवत म्हणाले, “बाबासाहेब बोटीनं दासगावला उतरले. महाडला चालत गेले. कागद इथला हाय. इथं राहू दे.”

बोटीचा संदर्भ खरा आहे. डिसेंबर १९२७ च्या दुसऱ्या परिषदेला बाबासाहेब आणि मुंबईचे प्रतिनिधी ‘पद्मावती’ बोटीने दासगाव बंदरात आले. धरमतरवरून मोटारीने यावं तर मोटारवाले गाड्याच देणार नाहीत अशी भीती होती. महाडला मंडपाला जागा मिळेना, ती फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी दिली. तळ्याबाबत कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम आधीच आला होता. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, तो ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे. ह्या भागात परिषद उभी करण्यामागे रामचंद्र बाबाजी मोऱ्यांसारखे तरुण कार्यकर्ते, अनंतराव चित्रे, नगरपालिकेचे अध्यक्ष सुरबानाना टिपणीस. तळ्याचा खटला संपायला १७ मार्च १९३७ उजाडलं. दहा वर्षं, वरच्या कोर्टापर्यंत.

मी त्या वादात पडलो नाही. पण पुण्याला परतताना गाडीत विचार करत होतो की दोघंही बरोबर आहेत आणि हीच अडचण आहे. एसी खोलीत कागद शंभर वर्षं टिकेल आणि गावातलं कोणी तो बघणार नाही. माळ्यावर सगळे बघतील आणि पुढचा पूर तो नेईल. आपल्या धंद्यात ह्याला सोपं उत्तर आहे: प्रती काढा, तीन ठिकाणी ठेवा, एक तरी वेगळ्या गावात. पण आजोबांना प्रत आणि मूळ ह्यांत फरक वाटतो, आणि तो फरक हार्डडिस्कने मिटत नाही.

मग शोधाचं काम. फोटो काढले म्हणजे संग्रह झाला असं नाही, त्यात सापडायला पाहिजे. मी उत्साहाने पानं टेसरॅक्टला दिली. हा मोफत सॉफ्टवेअर चित्रातली अक्षरं ओळखतो, देवनागरीही. नवीन छपाईवर बरा चालतो. इथे मात्र झिजलेले खिळे, तुटलेल्या वेलांट्या, पाठच्या पानाची शाई पुढे उतरलेली. त्यात १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांआधीचे जागोजागी अनुस्वार. निकाल असा आला की तो वाचून आजोबा पोट धरून हसले.

पण खरी गंमत पुढे आहे. अक्षरं ओळखली तरी शोधायचं काय? ‘रायगड’ शोधलं तर किल्ला येतो, जिल्हा येत नाही, कारण १९८१ पर्यंत जिल्ह्याचं नाव कुलाबा. गावांची नावं तीन-तीन तऱ्हांनी छापलेली. आणि माणसांची नावं तर विचारूच नका. मित्राच्या पणजोबांचं नाव एखाद्या अंकात छापून आलंय असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. कुठल्या ते कोणाला ठाऊक नाही. मित्र आजच्या आडनावाने शोधत बसला. ते आडनाव घराण्याने नंतर लावलेलं! त्या काळी कागदावर नाव, पुढे ‘नाक’, आणि गाव. बस्स.

शेवटी मशीनला सापडलं नाही, आजोबांना सापडलं. तिसऱ्या फेरीत तारीख सांगायला त्यांनी पान जवळ घेतलं आणि थांबले. तालुक्यातल्या एका सभेची बातमी, रकान्याच्या तळाशी. अध्यक्ष अमुक, ठराव तमुक, आणि अनुमोदन देणाऱ्यांत चौथं नाव त्यांच्या वडिलांचं.

त्यांनी ते मोठ्याने वाचलं. एकदा, मग पुन्हा. मला वाटलं आता रडतील. म्हणाले, “गावाचं नाव चुकीचं छापलंय.”

मग बऱ्याच वेळाने सांगितलं. वडिलांच्या नावाचा सातबारा नव्हता. शाळेत नाव नव्हतं कारण शाळेत घातलं नव्हतं. गिरणीच्या हजेरीपटावर मुकादमाने दुसरंच नाव लिहिलं होतं, तेच शेवटपर्यंत चाललं. अख्ख्या आयुष्यात वडिलांचं खरं नाव छापील अक्षरांत आलं ते ह्या एका ओळीत.

मी गेले दोन आठवडे त्या ओळीचा विचार करतोय. बाबासाहेबांचे अग्रलेख, भाषणं निवडून काढलेली पुस्तकं भरपूर आहेत, असायलाच हवीत. त्यांच्या लेखनाचा कॉपीराईटही २०१६ अखेर संपला, आता कोणीही छापावं. पण मोठ्या माणसाचं लिखाण पानातून कापून वेगळं काढलं की उरलेलं पान कोणाचं? रकान्याच्या तळाशी असलेली सभा, ठराव, अनुमोदक, जाहिराती, खेड्यातून आलेल्या तक्रारी, ते उरलेलं पान म्हणजेच चळवळ. अग्रलेख लिहिणारा एक होता हे खरं, पण तो कोणासाठी लिहीत होता, कोण पैसे देऊन वाचत होतं आणि जपून ठेवत होतं, हे त्या उरलेल्या पानावर आहे. कात्रण ठेवणारा संग्रह नेत्याला जपतो. पूर्ण पान ठेवणारा संग्रह त्याच्याबरोबर चालत गेलेल्या माणसांना पण जपतो. म्हणून आता माझा एकच नियम आहे: पान कापायचं नाही, कडेचा फाटका भागसुद्धा फोटोत आला पाहिजे.

सध्याची स्थिती: एकशे सदतीस पूर्ण अंक, शिवाय सुटी पानं. फोटोंच्या तीन प्रती. एक मित्राकडे, एक माझ्याकडे, एक त्याच्या बहिणीकडे नागपुरात. सूची हाताने करतोय, प्रत्येक पानावरची गावं आणि माणसांची नावं जशी छापली तशी, आणि बाजूच्या रकान्यात आजची रूपं. कंटाळवाणं आहे, पण शोधणाऱ्याला हेच लागतं. मूळ अंक माळ्यावरच आहेत. आजोबांनी वहीत लिहून ठेवलंय की आपल्यानंतर पेटीचं काय करायचं ते नात ठरवेल. नात सध्या सातवीत आहे आणि तिने सूचीतली ‘दासगांव’ची सगळी रूपं माझ्याआधी शोधून काढली, त्यामुळे मला चिंता नाही.

२० मार्च २०२७ ला चवदार तळ्याला शंभर वर्षं होतात. भाषणं होतील, फ्लेक्स लागतील. त्याआधी एक विनंती. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं आजोळ कोकणात, देशावर, विदर्भात कुठेतरी आहे. कोणाचे आजोबा गिरणीत होते, कोणाचे रेल्वेत, कोणाचे मास्तर. ह्या वेळी गावी जाल तेव्हा मृगाआधी माळ्यावर चढा. जुना गठ्ठा दिसला तर त्याला सेलोटेप लावू नका, लॅमिनेट करू नका, उन्हात वाळत घालू नका. सपाट ठेवा, कोरड्या उंच जागी, मधे साधा पांढरा कागद घालून. मोबाईलने का होईना, पूर्ण पानाचे फोटो काढा, तारखेसकट. आणि घरात जो सगळ्यात म्हातारा माणूस असेल त्याला शेजारी बसवा. आमच्याकडे मशीनला न सापडलेली ओळ त्यांनाच सापडली.

हात मात्र धुवून बसा.